घड्याळ जितकं लहान, तितका माणूस आधी हरला

बुद्धिबळात माणूस विरुद्ध कॉम्प्युटर हा विषय निघाला की गाडी हमखास १९९७ वर येऊन थांबते. न्यूयॉर्क, डीप ब्लू हा कॉम्प्युटर, जगज्जेता कास्पारोव्ह, साडेतीन विरुद्ध अडीच, आणि मग ठरलेलं वाक्य, की त्या दिवशी माणूस हरला. मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. डीप ब्लू ही फार मोठी गोष्ट होती यात वाद नाही, सेकंदाला साधारण २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र होतं ते, पण तो लांब वेळेचा सामना होता, एकेक डाव तासन् तास चालणारा. जलद बुद्धिबळात माणूस त्याच्या किती तरी आधीपासून हरायला लागला होता आणि तो कुठल्या एका दिवशी हरला नाही, घड्याळातली मिनिटं जितकी कमी तितका लवकर हरला. सगळी गोम घड्याळात आहे आणि आपण सगळे कॉम्प्युटरकडे बघत बसतो.

आधी थोड्या तारखा सांगतो. १९७७ साली मायकल स्टीन या इंग्लिश ग्रँडमास्टरला चेस ४.६ नावाच्या प्रोग्रॅमने ब्लिट्झच्या, म्हणजे काही मिनिटांत संपणाऱ्या, डावात हरवलं, ग्रँडमास्टर कॉम्प्युटरकडून हरल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. आणि पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, याच प्रोग्रॅमची सुधारलेली आवृत्ती चेस ४.७ टोरांटोमध्ये डेव्हिड लेव्हीशी लांब वेळेचा सामना खेळली आणि हरली, साडेतीन-दीड. लेव्ही ग्रँडमास्टर नव्हता बरं का, इंटरनॅशनल मास्टर होता, आणि दहा वर्षांत कुठलाही प्रोग्रॅम मला सामन्यात हरवू शकणार नाही अशी पैज त्याने १९६८ मध्ये लावली होती, ती त्याने जिंकली. म्हणजे बघा, जवळपास एकच प्रोग्रॅम, ब्लिट्झमध्ये ग्रँडमास्टरला मारतो आणि वेळ दिली की त्याच्याहून खालच्या पायरीवरच्या माणसाशी सामना हरतो. स्पर्धेतल्या लांब डावात ग्रँडमास्टर हरायला १९८८ उजाडावं लागलं, लाँग बीचला डीप थॉटने बेंट लार्सनला हरवलं तेव्हा. मधे अकरा वर्षं गेली.

जगज्जेत्याच्या बाबतीतही तेच. १९९७ च्या तीन वर्षं आधी, मे १९९४ मध्ये म्युनिकला ब्लिट्झची स्पर्धा झाली, त्यात फ्रिट्झ ३ हा प्रोग्रॅम खुद्द कास्पारोव्हबरोबर पहिल्या नंबरावर आला आणि वाटेत त्याने कास्पारोव्हला एक डाव हरवलासुद्धा, नंतरच्या प्लेऑफमध्ये मात्र कास्पारोव्हने त्याला नीट धुतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला २५ मिनिटांच्या रॅपिड स्पर्धेत चेस जीनियस नावाच्या प्रोग्रॅमने कास्पारोव्हला बाहेर काढलं, आणि हा काही खोलीभर पसरलेला सुपरकॉम्प्युटर नव्हता, पेंटियमवर चालणारा प्रोग्रॅम होता. त्या स्पर्धेत पुढे जीनियसला थांबवलं कोणी, तर आनंदने. सेमीफायनलला दोन्ही डाव जिंकून. हा भाग लोक विसरतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण जलद खेळात मशीनला असं सरळ दोन-शून्य हरवणं तेव्हाही सोपं राहिलेलं नव्हतं.

आता हे असं का होतं, हा मला या विषयातला सगळ्यात आवडता प्रश्न, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं. लोक म्हणतात जलद खेळात विचार करायला वेळच नाही, तिथे अंदाज आणि अनुभव चालतो, मग तिथे माणसाचं पारडं जड हवं ना, मशीनला बिचाऱ्याला मोजायला वेळ लागतो. पण मशीनचं मोजणं वाढतं कसं ते बघा. मधल्या डावात कुठल्याही स्थितीत साधारण ३०-३५ चाली शक्य असतात, प्रत्येकीला पुन्हा तेवढीच उत्तरं, म्हणजे एक पायरी आणखी खोल जायचं तर काम पटीत वाढतं. अल्फा-बीटा म्हणून छाटणीची पद्धत आहे, तिच्यामुळे बऱ्याच फांद्या न बघता सोडता येतात, तरी वाढ पटीतच राहते. मग हेच उलट्या बाजूने बघा, वेळ दहापट कमी केला तर इंजिनची, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रॅमची, खोली दहापट कमी होत नाही, दोन-तीन पायऱ्या कमी होते, बस. उरलेल्या खोलीत ते एकही शह चुकवत नाही, एकही मोहरा फुकट सोडत नाही.

माणसाचं तसं नाही. चांगल्या ग्रँडमास्टरला चाल सुचते क्षणात, ते त्याचं देणंच आहे, पण सुचलेली चाल तपासायला वेळ लागतो. समोरचा काय उत्तर देईल, मधेच एखादा शह आहे का, कोपऱ्यातला उंट लांबून कुठे नजर लावून बसलाय, ही जी तपासणी आहे ना ती ब्लिट्झमध्ये सगळ्यात आधी कापली जाते आणि नेमकी तीच इंजिनला फुकटात मिळते. म्हणजे घड्याळ लहान केलं की नुकसान दोघांचं होतं पण माणसाचं जातं ते मुद्दलच.

याचा पुरावा हवा असेल तर आनंदचाच १९९८ चा सामना बघा, इटलीत इस्किया बेटावर, रेबेल १० या प्रोग्रॅमविरुद्ध. मला विचाराल तर डीप ब्लूपेक्षा जास्त शिकवणारा सामना हा. एकाच माणसाने एकाच प्रोग्रॅमशी तीन वेगवेगळ्या वेळा लावून आठ डाव खेळले. ब्लिट्झचे चार डाव, रेबेल तीन-एक पुढे. पंधरा मिनिटांचे दोन, रेबेल दीड-अर्धा पुढे. आणि लांब वेळेचे दोन, त्यात आनंद दीड-अर्धा पुढे. एकूण पाच-तीन रेबेल. आणि समोर बसलेला माणूस कोण, तर ज्याचा वेग बघून त्या काळचे भलेभले थक्क व्हायचे तो आनंद! प्रयोगशाळेत ठरवून केलं असतं तरी इतकं स्वच्छ उत्तर मिळालं नसतं.

मग इंटरनेट आलं आणि हा खेळ स्पर्धांच्या हॉलमधून बाहेर पडला. नव्वदीच्या दशकात इंटरनेट चेस क्लब म्हणजे आयसीसी सुरू झाला, तिथे माणसांबरोबर प्रोग्रॅमचीही अकाउंट असायची आणि त्यांच्या नावापुढे तशी खूण असायची, म्हणजे समोर मशीन आहे हे माहीत असूनच तुम्ही खेळायला बसायचा. रॉबर्ट हायट यांचा क्रॅफ्टी तिथला मोठा गडी. हायट यांचाच आधीचा क्रे ब्लिट्झ दोनदा कॉम्प्युटर बुद्धिबळाचा जगज्जेता होता, आणि क्रॅफ्टीचा तर सोर्स कोड खुला होता, कोणीही घ्यावा आणि आपल्या मशीनवर चालवावा. ग्रँडमास्टर तिथे तीन मिनिटं, पाच मिनिटं लावून मशीनशी डावावर डाव खेळायचे, ना बक्षीस ना प्रेक्षक, फक्त खुमखुमी. मला हा काळ फार मोलाचा वाटतो कारण मशीनला कसं हरवायचं याची एक अख्खी विद्या तिथे तयार झाली. मुळं तिची जुनी, लेव्ही १९७८ मध्ये तेच करत होता, की पट बंद ठेवायचा, मारामारी होऊ द्यायची नाही, मशीनला मोजायला काही द्यायचंच नाही. पण ते तीन मिनिटांत करून दाखवणं म्हणजे वेगळीच गोष्ट.

आणि इथे मला थांबून हिकारू नाकामुरा या अमेरिकन ग्रँडमास्टरच्या एका डावाबद्दल बोलायचंच आहे. २००८, आयसीसी, तीन मिनिटांचा डाव, समोर रिब्का, तेव्हाचं जगातलं सगळ्यात ताकदवान इंजिन. नाकामुराकडे काळे. डाव किती चालींचा झाला माहितीये? २७१. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, भागून बघा, चालीला सरासरी पाऊण सेकंदसुद्धा येत नाही.

झालं काय ते सांगतो. नाकामुराने प्याद्यांची साखळी अडकवून पट बंद केला आणि वर हत्ती देऊन हलका मोहरा, म्हणजे उंट किंवा घोडा, घेतला, म्हणजे हिशोबात तो मागे. इंजिनच्या आकड्यात रिब्का आरामात पुढे दिसत होतं. पण पुढे असून करायचं काय, आत शिरायला वाट कुठेच नाही. मग दोघं आपले मोहरे मागेपुढे हलवत बसले, नाकामुरा प्रीमूव्ह लावून, म्हणजे समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली चाल ठरवून ठेवायची, वेळ जवळजवळ खर्चच होत नाही. बुद्धिबळात नियम आहे की दोघांच्या पन्नास पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही तर डाव बरोबरीत सोडवता येतो. रिब्काला तो नियम माहीत होता. त्याच्या हिशोबात बरोबरी म्हणजे शून्य आणि आपण तर शून्याच्या बरेच वर, मग बरोबरी का घ्यायची? म्हणून पन्नासावी चाल जवळ आली की ते एखादं प्यादं पुढे ढकलून, काहीतरी देऊन मोजणी परत एकपासून सुरू करायचं. त्या देण्याचे परिणाम त्याच्या नजरेच्या पलीकडे, पन्नास-शंभर चालींनंतर. आणि ते परिणाम बरोबर आले. भिंत आतून फुटली, नाकामुरा आत घुसला आणि शेवटी प्यादी पलीकडे पोचल्यावर त्याने वजीर न करता एकामागून एक उंट केले आणि डाव जिंकला.

मी हा डाव परत परत लावून बघतो. कोणी म्हणतं ही चलाखी आहे, हे बुद्धिबळ नाही, मला ते अजिबात मान्य नाही. जलद खेळात मशीनचा फायदा म्हणजे तपासणी फुकट मिळते, हे वर म्हटलं ना, नाकामुराने असा पट उभा केला की तपासण्यासारखं काही उरलंच नाही. जिथे वीस चाली पुढचं बघून काही कळत नाही आणि दोनशे चालींनंतर काय होणार हे एका नजरेत कळतं तिथे त्याने खेळ नेला, तेही मिनिटं हाताशी नसताना. हे समजुतीचं काम आहे, माणसाच्याच समजुतीचं, आणि जगातल्या मोजक्या लोकांना ते जमेल. आताच्या इंजिनांनी ही फट बरीच बुजवली आहे, स्टॉकफिशसारखी इंजिनं पन्नास चालींची मोजणी वाढत गेली की आपला आकडा हळूहळू शून्याकडे आणतात, शिवाय २०२० मध्ये स्टॉकफिश १२ पासून स्थिती जोखायला न्यूरल नेटवर्क आलं. त्यामुळे आज तोच डाव तसाच होणार नाही.

बुलेटचं थोडं वेगळं आहे. एक मिनिटाच्या डावात किंवा त्याहून छोट्या, तीस सेकंदांच्या हायपरबुलेटमध्ये बुद्धिबळाइतकंच यंत्रणेचं गणित असतं. बॉटला, म्हणजे साईटवर स्वतः खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, चाल शोधायला मिलिसेकंद पुरतात पण ती चाल सर्व्हरपर्यंत जायला वेळ लागतो, सर्व्हर त्याची थोडीफार भरपाई देतो तरी काहीतरी राहतंच. माणसाचा प्रीमूव्ह मात्र आधीच ठरलेला असतो, लीचेस या साईटवर त्याला शून्य वेळ लागतो, चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग कापतात. त्यामुळे अँड्र्यू टँगसारखा खेळाडू, ज्याचं नावच हायपरबुलेटमुळे झालं, तो अशा वेळेत बॉटला फ्लॅग करायची, म्हणजे त्याची वेळ संपवून हरवायची, स्वप्नं बघू शकतो. पण प्रीमूव्ह म्हणजे डोळे मिटून दिलेली चाल, अंदाज चुकला तर मशीन मोहरा उचलून नेतं, आणि माऊस घसरला तर त्यालाही माफी नाही.

हे सगळं छान आहे ते बॉट आपलं नाव सांगून बसलाय तोपर्यंत. आज खिशातल्या फोनवरचं इंजिन जगज्जेत्याहून भारी आहे, आणि जलद डावात तर चोरून घेतलेला एकच इशारा, की थांब, इथे काहीतरी आहे, एवढासुद्धा पुरतो. म्हणून टायटल्ड ट्यूसडेसारख्या ऑनलाईन स्पर्धांमध्ये ग्रँडमास्टर लोकांवर सुद्धा लक्ष ठेवावं लागतं. मला याचा मनापासून राग येतो. उघड उघड मशीनशी खेळणं ही या खेळातली सगळ्यात प्रामाणिक लढत होती आणि त्याच मशीनमुळे आता माणसाने माणसाला हरवलं तरी शंका येते.

एका गोष्टीने मात्र मी खरंच हललो. आत्तापर्यंत समज असा की मशीन मोजतं आणि माणसाला दिसतं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचा अभ्यास आला होता, खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू ती बरीचशी तशीच्या तशी मांडतो, पण मोहरे कसेही विखरून ठेवले तर त्याची आठवण जवळपास नवशिक्याइतकीच होते. म्हणजे त्याच्या डोक्यात आकृत्या साठलेल्या असतात, हजारोंनी, आणि ब्लिट्झ खेळताना तो त्यांच्यावरच चालतो. आणि मग २०२४ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या लोकांनी काय केलं, एक मॉडेल एक कोटी डावांवर शिकवलं, स्टॉकफिशने त्या डावांमधल्या चालींना जोखून दिलेलं होतं, आणि खेळताना पुढचं मोजायची सोयच ठेवली नाही. पट बघ आणि चाल सांग, एवढंच. पुढच्या चालींचं झाड नाही, शोध नाही, काही नाही. आणि लीचेसवर ब्लिट्झमध्ये माणसांविरुद्ध त्याचं रेटिंग गेलं २८९५ वर. ज्या गोष्टीला आपण आपली म्हणत होतो, नुसतं बघून कळणं, तीही जलद खेळात ग्रँडमास्टरच्या ताकदीने मशीनला आली. मला यात भीती वगैरे वाटत नाही, उलट खूप कुतूहल वाटतं की त्या आकृत्या त्याच्या आत कशा साठल्या असतील, आपल्यासारख्या की भलत्याच.

मग आता माणसाने मशीनशी खेळण्यात राम उरलाय का? मी म्हणेन भरपूर, फक्त समान मोहऱ्यांनी नाही. जानेवारी २०१६ मध्ये नाकामुरा कोमोडो या इंजिनशी सवलतीचा सामना खेळला, दोन डावांत कोमोडोने एक प्यादं कमी घेतलं आणि वर पहिली चालही नाकामुराला दिली, एकात हत्तीच्या बदल्यात घोडा इतकी सूट, शेवटच्या डावात नाकामुराला सुरुवातीलाच चार चाली जास्त. पहिले तीन बरोबरीत आणि चौथा कोमोडोने जिंकला. आणि आता लीचेसवर लीला या इंजिनचे सवलतवाले बॉट आहेत, त्यातला एक डाव सुरू करतो तोच एक घोडा कमी घेऊन. साधं इंजिन घोडा कमी असताना फार उपयोगाचं नसतं कारण ते समोरचा अचूक खेळणार असं धरून चालतं, या लीलाला मात्र मुद्दाम अशाच स्थितींसाठी तयार केलंय, ते अदलाबदल टाळतं, पट भरलेला ठेवतं, प्रत्येक चालीला एक नवा प्रश्न टाकतं. तीन मिनिटांच्या डावांत त्याने ग्रँडमास्टरांना सुद्धा घोडा कमी असताना हरवलंय, आणि वेळ वाढवली की तेच ग्रँडमास्टर सावरतात, घोड्याची किंमत वसूल करतात.

म्हणूनच मला हल्ली हे सवलतीचे डाव बघायला सगळ्यात जास्त आवडतात. आणि माझी एक मागणी आहे, कोणीतरी इस्कियासारखा सामना परत लावावा, एकच ग्रँडमास्टर, एकच लीला, घोड्याची सवलत कायम, आणि घड्याळ मात्र बदलत न्यायचं, तीन मिनिटं, पंधरा मिनिटं, एक तास, प्रत्येक वेळेचे भरपूर डाव. एक घोडा म्हणजे नक्की किती मिनिटं, याचं उत्तर मला हवंय.